गायत्रीच्या पीएचडीचा जामीन

फॉर्म अकरा पानांचा होता, आणि धुडकूमास्तरांच्या मते त्यातली दहा पानं फुकटची होती. माणूस कामाला लावायचा तर दोनच गोष्टी विचारायच्या असतात : कुठला आहेस, आणि कोणाच्या ओळखीनं आलास. बमरोलीत छगनभाईंच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्तर एकोणीस वर्षं हेच दोन प्रश्न विचारत आले होते. पारोळ्यापासून शिरपूरपर्यंतची चाळीस-बेचाळीस माणसं त्यांच्या शब्दावर सुरतेत पोटाला लागली होती. तेव्हा स्वतःची मुलगी पीएचडीला लावणं त्यांना काही अवघड वाटत नव्हतं.

"किती सह्या बाकी शेतस?" पाळी संपवून आल्या आल्या हातपाय धुऊन त्यांनी विचारलं.

गायत्री जमिनीवर कागद पसरून बसली होती. समाजशास्त्रात एम.ए.ला ती विद्यापीठात दुसरी आली होती, पण या फॉर्मनं तिचा पार घामटा काढला होता.

"दोन गोष्टी अडल्यात, आबा. एक गाइडची सही. म्हणजे ज्यांच्या हाताखाली चार वर्षं काम करायचं, त्यांची. आणि दुसरं, मला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित माणसांची पत्रं, बंद पाकिटात, गाइडच्या हातात द्यायची. एक आमच्या बाईंनी दिलंय. दुसरं प्रिन्सिपॉल देणार होते, तर ते नडियादला मुलीकडे जाऊन बसलेत. पंधरा दिवस येत नाहीत."

"आनि शेवटली तारीख?"

"शुक्रवार. पाच वाजेपर्यंत."

"आनि रविवारले धुळाना पाव्हना येणार शेतस," गायत्रीची आई, धुरपदाबाई, मान वर न करता म्हणाल्या. त्या स्टोव्हपाशी बसून साडीवर टिकल्या चिकटवत होत्या. बाजारातून गठ्ठ्यानं साड्या यायच्या आणि धुरपदाबाईंच्या हातून चमकून परत जायच्या.

घरातला करार असा होता : शुक्रवारपर्यंत पीएचडीत नाव लागलं तर धुळ्याच्या पाव्हण्यांना चहा पाजून परत पाठवायचं. नाही लागलं तर गायत्रीनं मुकाट्यानं त्या स्थळाला हो म्हणायचं. करार धुरपदाबाईंचा. गायत्रीनं तो मान्य केला होता, कारण तेव्हा हातात महिना होता आणि प्रिन्सिपॉल सुरतेत होते. आता मंगळवार उजाडून मावळलाही होता.

"एक पत्र मी आनसू," मास्तर म्हणाले.

"आबा, प्रतिष्ठित माणूस पाहिजे."

"छगनभाई प्रतिष्ठित नहीत का? दोनशे मशिनी शेतस त्यास्न्या!"

समाजशास्त्रातल्या प्रतिष्ठेच्या व्याख्येत मशिनी मोजलेल्या नव्हत्या.

बुधवारी सकाळी मास्तर खात्याच्या ऑफिसात शिरले. छगनभाई फोनवर सचिन गावच्या कुठल्या तरी पार्टीशी भांडत होते. फोन छातीशी धरून त्यांनी मास्तरांचं ऐकलं, "अरे वाह, गायत्रीबेन डॉक्टर बनेगी!" म्हणाले आणि कोपऱ्यातल्या मुनिमाला हुकूम सोडला. "पंडित, सबका लिखता है वैसा लिख दे. बेटी का नाम डाल, मेरा सिक्का मार."

पंडित अमळनेरचा. खात्यातलं जामीनपत्र त्याला आरतीसारखं पाठ होतं. जामीनपत्राशिवाय खात्यात कोणाला मशीन मिळत नसे. कारण साधं होतं : लग्नसराई लागली की गडी न सांगता खानदेशात पळायचा आणि इकडे मशीन उभं राहायचं. म्हणून ज्यानं माणूस आणला त्यानंच लिहून द्यायचं की हा पळणार नाही. शेठनं "सबका लिखता है वैसा" म्हटलं, आणि पंडितनं ते अक्षरशः पाळलं. कागदातला एक शब्द हलवला की पुढे भांडण उभं राहतं, हा त्याचा अनुभव होता. तीन कोऱ्या कागदांत दोन कार्बन घालून त्यानं सुरुवात केली, आणि शेवटी हात पुढे केला.

"फोटो द्या, मास्तर."

"फोटो कशाले?"

"जामीनपत्राले फोटो लागस. तुमीच नियम करेल शे. तो हिलाल सोताना नावंवर मेव्हणाले पाठाडी दे, तव्हयपासून."

स्वतः केलेला नियम मोडणाऱ्यांतले मास्तर नव्हते. दुपारच्या सुट्टीत ते घरी गेले. गायत्री लायब्ररीत होती, धुरपदाबाई साड्या पोचवायला गेल्या होत्या. घरात गायत्रीचा पासपोर्ट फोटो एकच होता, आणि तो फॉर्मच्या पहिल्या पानावर खळीनं चिकटवलेला होता. कापडाच्या ताक्यातला तुटका धागा नखानं उचलणाऱ्या हाताला फोटो उचलणं काय जड? शिवाय फॉर्म अकरा पानांचा आणि जामीनपत्र एका पानाचं. फोटो असावा तर खऱ्या कामाच्या कागदावर, असा त्यांनी विचार केला. अर्ध्या तासात फोटो पत्रावर बसला, छगनभाईंचा सिक्का पडला, जामीनदार म्हणून मास्तरांची वळणदार सही झाली. मूळ प्रत पाकिटात घालून पंडितनं लाखेचं सील ठोकलं. बंद पाकीट म्हटलं होतं ना, मग असं बंद की उघडायला सुरी लागावी.

संध्याकाळी गायत्रीची किंकाळी शेजारच्या तीन घरांत ऐकू गेली.

"आबा! फोटो कुठंय?"

"पत्राले लागना."

"पत्राला फोटो लागतच नाही!"

"आमना पत्राले लागस," मास्तर शांतपणे म्हणाले. "एवढी काय घाबरतीस? सकायले दुसरा काढू."

पण सकाळी गुरुवार होता. गुरुवारी बमरोलीच्या कारखान्यांची सुट्टी आणि त्यांच्या पाठोपाठ अख्ख्या भागाची लाइट गुल. चौकातल्या स्टुडिओवर 'अर्जंट फोटो' ही पाटी होती आणि पाटीखाली कुलूप. फोटोवाला भेस्तानला सासुरवाडीला गेला होता. शहरातल्या स्टुडिओवाल्यानं फोटो काढायची तयारी दाखवली, पण मिळणार शनिवारी. "फॉर्म शुक्रवारी बंद होतो हो," गायत्री काकुळतीला येऊन म्हणाली. "तो शुक्रवारे आवजो," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शुक्रवारी येऊन त्याच्याकडून काय घ्यायचं, हे काही त्यानं सांगितलं नाही.

घरी परत आल्यावर गायत्री भिंतीला टेकून बसली. तिचा रडका चेहरा धुरपदाबाईंनी दोन मिनिटं पाहिला. मग त्या उठल्या, पत्र्याची पेटी उघडली आणि तळाच्या लुगड्याखालून एक मोठा रंगीत फोटो काढून तिच्या पुढ्यात टाकला. फोटोत गायत्री जरीची साडी नेसून, प्लास्टिकच्या फुलदाणीवर हात ठेवून उभी होती. मागे पडद्यावर धबधबा होता.

"माय! हा मावशीच्या लग्नातला. तू प्रती काढून घेतल्यास?"

"एक धुळाले धाडेल शे. हाई उरनी."

"पण हा तर स्थळाचा फोटो झाला!"

"तोंड तुनंच शे ना?" धुरपदाबाईंनी साडीचे धागे कापायची कात्री उचलली आणि लेकीचं तोंड फोटोतून असं सफाईनं कापलं की कानाशेजारी धबधब्याचा एकच थेंब राहिला. मग टिकल्यांचा डिंक लावून त्यांनी तो तुकडा फॉर्मवर दाबून बसवला. त्यांचा डिंक धुण्यातही सुटत नसे. बोटाला लागलेली एक सोनेरी टिकली फोटोतल्या खांद्यावर जाऊन बसली, आणि गायत्रीनं कितीही खरवडलं तरी ती हलली नाही.

शुक्रवारी अकरा वाजता गायत्री विभागात गेली, तर ज्यांची गाइड म्हणून सही हवी होती ते डॉक्टर वशी रजेवर. घरी भेटतील, असं शिपायानं सांगितलं. बरोबर मास्तर होतेच. पांढरा धुवट शर्ट, डोक्यावर टोपी, हातात लाखेचं पाकीट. "माणूस लावताना जामीनदार हजर पाहिजे," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पत्रात काय आहे हे गायत्रीनं रस्त्यात दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिला "जे पाहिजे ते" असं उत्तर मिळालं.

वशीसाहेबांची आई नवापूरकडची होती. त्यामुळे त्यांना मराठी येत असे, फक्त ते गुजराती रस्त्यानं चालत येई. त्यांनी दोघांना झोपाळ्यासमोर बसवलं, पाणी दिलं आणि फॉर्म हातात न घेताच सुरुवात केली.

"गायत्रीबेन, मी तर तुला पहेलाच बोललेला. मी आता मुली घेत नथी. एक नवसारीला परणून गेली. एक बँकेत लागली. तिसरीचे तीन प्रकरण माझ्या कपाटमां पडेला छे, ती राजकोटला सासरी छे. माझी एकच जागा खाली आहे. फरी कोणी अर्ध्यात गेली, तो मी काय करूं?"

"मी जाणार नाही, साहेब."

"ते तिघी पण असंच बोलेली." तरीही सभ्यपणानं त्यांनी फॉर्म उघडला. पहिल्याच पानावर त्यांची नजर थबकली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आ शुं छे? हा तर लगननो फोटो! अने आ चमकतंय काय?"

"टिकी छे," मास्तर अभिमानानं म्हणाले. "असली."

"फोटो स्थळासाठी पाठवला होता, साहेब," गायत्री म्हणाली. तिनं नजर खाली घातली नाही. "मी मात्र पीएचडीसाठी आले आहे."

"स्थळ कधी येतंय?"

खोटं बोलणं तिला जमलं असतं, तर आठवडाभराचा सगळा त्रास वाचला असता. "रविवारी," ती म्हणाली.

वशीसाहेबांनी फॉर्म मिटला आणि तिच्याकडे सरकवला. "बेटा, तू हुशार छे. पण मला चार वर्ष पाहिजे. चार महिने नाही."

गायत्रीला वाटलं, झालं. एम.ए.चा नंबर, बावीस पानांची रूपरेषा, वर्षभराची पायपीट, सगळं या एका टिकलीपाशी येऊन संपलं. ती उठायला लागली, तेवढ्यात मास्तरांनी तिला हातानंच खाली बसवलं आणि पाकीट पुढे केलं.

"साहेब, कागद वाचल्याबिगर माणूस परत पाठवत नसतात."

वशीसाहेबांनी आधी बाईंचं पत्र फोडलं. 'कष्टाळू, प्रामाणिक, उज्ज्वल भवितव्य.' नवसारी, बँक आणि राजकोट, तिघींच्याही पत्रांत हेच होतं. ते बाजूला ठेवून त्यांनी आतून सुरी मागवली, लाख फोडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'जामीनपत्र. लिहून देणार धुडकू महारू पाटील, मास्तर. कारणे लिहून देतो की, सदरहू कामगार गायत्री धुडकू ही माझ्या पूर्ण ओळखीची असून तिची चालचलणूक चांगली आहे. कलम दोन. तिला दारू, सट्टा व पत्ते यांचा नाद नाही.'"

गायत्रीनं डोळे मिटून घेतले.

"'कलम तीन. लग्नसराईत, कानबाईच्या सणाला अथवा पेरणीला ती न सांगता गावी जाणार नाही. कलम चार. गेल्यास चार दिवसांत तिला आणून हजर करीन. कलम पाच.'" इथे साहेबांचा आवाज हळू झाला. "'हजर न केल्यास तिच्या जागी मी स्वतः उभा राहून तिचे काम पुरे करीन. तक्रार करणार नाही.'"

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या थांबल्या. साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा केला, सिक्का पाहिला, आणि त्यावर डकवलेला गायत्रीचा साधा, बिनटिकलीचा फोटो पाहिला.

"हे पाच नंबर, हे खरं?"

"सही शे ना त्यावर," मास्तर जरा दुखावूनच म्हणाले. "आमचा निंबा ऐन लगनसराईत पळाला, तव्हा अकरा दिवस त्याच्या चार मशिनी मी चालवल्या. माझी पाळी भरून. मशीन उभं राहायला नको, साहेब."

"समजो के गायत्रीबेन गेली. तर तुम्ही येणार? पीएचडी करणार?"

"येणार."

"शिक्षण किती?"

"सातवी. नापास."

"मग कसं होणार?"

मास्तरांनी टोपी नीट केली. "हात बसेपर्यंत माल थोडा खराब निघेल, साहेब. मंग येईल. कोणतं काम आईच्या पोटातून शिकून येतंय?"

वशीसाहेब हसले नाहीत. हसायचं त्यांच्या मनात नसावं, कारण त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि मग गायत्रीकडे वळून जवळजवळ रागानंच विचारलं, "हे तुझ्या रूपरेषामां कुठे छे?"

"काय, साहेब?"

"हे! बावीस पानं तू लिहिली. कामगार गाव सोडून केम आला, सगळं छे. पण सुरतमां तो टिकतो कसा? एक माणूस दुसऱ्या माणसाच्या साठी उभा राहतो, लिखित राहतो, ते कुठे? आ कागद तुझ्या घरात होता अने तू लिहिला नाही?"

गायत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "लाज वाटायची, साहेब. आबांचे जामीनपत्राचे कागद लहानपणापासून बघतेय. ते विद्यापीठात दाखवण्यासारखे आहेत असं कधी वाटलंच नाही."

"पहिलं प्रकरण यावरच लिहायचं," वशीसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सही करता करता ते मास्तरांना म्हणाले, "बावीस वर्ष मी शिकवतो. कोणा बापानं मला असं लिहून नाही दिलं. पण ध्यान राखजो, भाई, हा कागद मी कपाटात ठेवणार. ती गेली तर दुसऱ्याच दिवशी मी बमरोलीला येणार."

"या की," मास्तर म्हणाले. "नऊच्या आत या. मंग पाळी लागते."

पाचला वीस मिनिटं असताना फॉर्म विद्यापीठाच्या खिडकीत गेला. कारकुनानं फोटोवरची टिकली नखानं दोनदा खरवडून पाहिली, हार मानली आणि शिक्का मारला.

रविवारी धुळ्याचे पाव्हणे वेळेवर आले. मुलगा योगेंद्र, त्याचे वडील, आणि सोबत वडिलांचा भरघोस आत्मविश्वास. मुलगी त्यांना फोटोतच पसंत होती, आता चहाही पसंत पडला. मास्तरांनी सांगितलं की मुलगी पीएचडीला लागली आहे, चार वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही.

"अहो, मग शिकू द्या की!" मुलाचे वडील मोठ्या मनानं म्हणाले. "लग्नानंतर शिकेल. आम्ही कुठं नाही म्हणतो? आम्ही काय जुन्या विचारांचे आहोत?"

धुरपदाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं : आता बोला! गायत्रीनं हातातला ट्रे खाली ठेवला. लग्नानंतर शिकतील असं ज्यांच्याबद्दल म्हटलं गेलं होतं, त्या तिच्या सगळ्या मैत्रिणी आता पोरांचे डबे भरत होत्या. ती आबांकडे बघत राहिली, आणि तिला धक्काच बसला, कारण आबांनी मान डोलावली.

"बात बराबर शे," मास्तर म्हणाले. "फक्त जामीन बदली करना पडी."

त्यांनी फळीवरून जामीनपत्राची कार्बन प्रत काढली आणि योगेंद्रच्या हातात दिली. "आत्तापर्यंत जामीन मी. लगन झालं म्हनजे जामीन तुमी. खाली सही करा. पाच नंबर नीट वाचा."

योगेंद्रनं वाचलं. एकदा पटापट, आणि दुसऱ्यांदा ओठ हलवत.

"म्हणजे यांचं शिक्षण थांबलं, तर पीएचडी मी करायची?"

"हां."

"पण मी बारावी आहे!"

"मी सातवी शे."

"अहो पाव्हणे," वडील मध्ये पडले, "शिकू देऊ म्हणतोय ना आम्ही! तोंडी शब्द देतोय, कागद कशाला?"

"तोंडी त्या निंबानीबी सांगेल व्हतं," मास्तर म्हणाले आणि पेन पुढे धरलं.

पेनाकडे कोणी हात नेला नाही. योगेंद्रनं बापाकडे पाहिलं, बापानं घड्याळाकडे पाहिलं, आणि धुळ्याच्या गाडीला अजून तीन तास अवकाश असताना पाव्हणे "कळवतो" म्हणून उठले.

दार लागलं तशा धुरपदाबाई पेटल्या. आधी मास्तरांवर, मग गायत्रीवर, आणि शेवटी, कोणाला वाटलं नव्हतं अशा ठिकाणी, पाव्हण्यांवर.

"तोंडवर शिकाडसूत म्हने, आनि सही म्हनताच पयनात! असास्ना घर देवानी व्हती का मी मनी पोर?" मग त्या पुन्हा मास्तरांकडे वळल्या. "आनि तुमी! चार वरीसना जामीन लिखी बसनात. छातीम्हा दुखस तुमना, मी रोज आयकस. मधमाच मरी गयात ते? मंग मनी पोरना मांगे कोन?"

एकोणीस वर्षांत, बेचाळीस जामीनपत्रांत, हा प्रश्न मास्तरांना कोणी विचारला नव्हता. मास्तरांनी हातातलं पेन खिशाला लावलं.

धुरपदाबाईंनी जामीनपत्र हिसकावून घेतलं. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाच्या बारकाईनं त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आंगठा कोठे देवाना?" त्यांनी लेकीला विचारलं.

"माय..."

"कोठे, ते सांग."

गायत्रीनं आबांच्या सहीखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. धुरपदाबाईंनी स्टोव्हवरची कढई उचलली आणि तिच्या बुडाच्या काजळीवर अंगठा घासला.

"अवं, पाच नंबरमा काय लिखेल शे, ठाऊक शे का?" मास्तर घाईनं म्हणाले. "तू करशी पीएचडी?"

"तुमनापेक्षा बरी करसू," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि कागद फाटेल इतक्या जोरानं त्यांनी अंगठा दाबला.